तबल्यावर कोण आहे?

‘कॉल ऑफ द व्हॅली’ कुणाची, असं कुठल्याही रसिकाला अर्ध्या झोपेतून उठवून विचारा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, अशी तीन नावं तो एका दमात सांगेल. १९६७ ची ती रेकॉर्ड. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत, हेही त्याला पाठ असेल. मग विचारा, तबल्यावर कोण आहे?

बहुतेकांची इथे गाडी अडते. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. हे नाव कुणी लपवलेलं नाही, रेकॉर्डच्या नोंदीत ते आहे. गेली पन्नासहून अधिक वर्षं ही रेकॉर्ड घराघरांत वाजते आहे, तिच्यावर अनेकांचे कान तयार झाले आहेत, आणि त्या कानांनी चौथ्या माणसाचं नाव विचारलेलं नाही. या आठवड्याची तक्रार एवढीच आहे आणि ती आपल्या सगळ्यांविरुद्ध आहे.

शास्त्रीय संगीताच्या रसिकांना इतकी श्रीमंती आजवर कधी लाभली नव्हती. अमीरखाँसाहेबांचा मारवा, किशोरीताईंचा भूप, मल्लिकार्जुन मन्सुरांचे अनवट राग, निखिल बॅनर्जींच्या परदेशातल्या मैफली, कुमारजींची निर्गुणी भजनं, केसरबाईंच्या तीन मिनिटांच्या तबकड्या, हे सगळं खिशातल्या फोनवर आहे. एके काळी एका रेकॉर्डसाठी लोक दुसऱ्या गावी जात. आज सकाळच्या चहाआधी चार दुवे येऊन पडलेले असतात. त्या दुव्यांसोबत काय लिहिलेलं असतं? ‘अप्रतिम मारवा. नक्की ऐका.’ ‘दुर्मीळ! पुन्हा मिळणार नाही.’ ‘अंगावर काटा आला.’ पाठवणाऱ्याच्या अंगावरच्या काट्याची माहिती मिळते. मैफल कुठली, साल कोणतं, तबल्याला कोण, पेटीला कोण, मागे तंबोऱ्यावर कोण बसलं आहे, यातलं काही मिळत नाही.

हे पूर्वीपासून असंच चालत आलं आहे, असं म्हणून सुटता येणार नाही. सुरुवातच वेगळी होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात यंत्र घेऊन बसला आणि गौहर जान त्याच्या कर्ण्यापुढे गायली. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते. त्या तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात. तिथल्या कारागिरांना ही कोण गाते हे कळून लेबल बरोबर चिकटावं, म्हणून ही सोय होती. मिनिटं मोजून तीन. त्यातले काही क्षण नावासाठी राखून ठेवले होते. एक एक सेकंद मोलाचा असताना ज्यांना नाव परवडलं, त्यांच्यापुढे आपण उभे आहोत. आपल्याकडे जागा अमर्याद आहे आणि नावाचा रकाना रिकामा.

१९५५ ची रेकॉर्ड घ्या. अली अकबरखाँसाहेबांची सरोद, अमेरिकेत निघालेली ‘म्युझिक ऑफ इंडिया : मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज’. हिंदुस्थानी संगीताची ही पहिली लाँग प्ले. सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन स्वतः बोलतो, वाद्यांची ओळख करून देतो, कलाकारांची ओळख करून देतो. तबल्यावर चतुरलाल आणि तंबोऱ्यावर शिरीष गोर. तंबोरा वाजवणाऱ्याचं नाव! सत्तर वर्षांपूर्वी, न्यूयॉर्कमध्ये, आपल्या संगीताचा गंधही नसलेल्या श्रोत्यांसाठी. आज मराठी घरात, मराठी माणसाने चढवलेल्या ध्वनिमुद्रणावर तंबोऱ्याचं नाव किती वेळा दिसतं ते या आठवड्यात मोजून पाहा.

रेडिओनेही हा संस्कार नेमाने पाळला. १९५२ पासून शनिवारी रात्री लागणाऱ्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमात निवेदक आधी गायकाचं नाव सांगे, मग राग, ताल, आणि तबल्यावर अमुक, सारंगीवर तमुक. कार्यक्रम संपताना पुन्हा एकदा. घरातल्या मुलांना साथीदारांची नावं पाठ व्हायची ती अशी. पुढे लोकांनी रेडिओवरून टेप करायला सुरुवात केली, आणि टेप महाग म्हणून निवेदन संपेपर्यंत बटण दाबलंच नाही. सूर लागला की रेकॉर्डिंग सुरू. शेवटच्या टाळ्या सुरू झाल्या की बंद. अशा हजारो टेप आहेत, ज्यांच्यात गाणं आहे आणि माहिती तेवढी कापलेली आहे. त्या काळच्या माणसांना मी दोष देत नाही. टेप खरंच महाग होती, आणि त्यांना सगळं तोंडपाठ होतं. आपल्या माघारी ही टेप कुणीतरी तिऱ्हाईत ऐकेल, हे त्यांच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. आज फाइल चढवणाऱ्याला मात्र ही सबब नाही. ती कोण ऐकणार आहे हे त्याला माहीत आहे. सगळं जग.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. संगीत ऐकावं, नावात काय आहे, सूर स्वतः बोलतात. ऐकायला छान वाटणारं हे वाक्य साफ चुकीचं आहे. ख्याल एकटा माणूस गात नाही. अमीरखाँसाहेब अतिविलंबित झुमऱ्यात गायचे. चौदा मात्रांचा तो ठेका इतक्या संथ लयीत, काही भरीचं न वाजवता, दोन मात्रांमधल्या मोठ्या मोकळ्या जागेत लय न ढळू देता धरायचा, आणि हे तास-अर्धा तास करायचं. तबलजीने जरा हात मोकळा सोडला असता तर तो मारवा तसा उभा राहिला नसता. गायकाची शांतता अर्धी तबल्यावरच्या माणसाची असते. त्या संयमाला दाद द्यायची तर तो कुणाचा हे माहीत हवं.

बालगंधर्वांच्या पदांबद्दल आपण भरभरून बोलतो. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष होते. ही साथ काढून टाका आणि मग नाट्यसंगीताचं जे रूप महाराष्ट्राच्या कानात बसलं ते कसं घडलं हे समजावून सांगा. सांगता येणार नाही. पेटीचंही तसंच. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर, हे चौघं एकाच वाद्यावर चार वेगळ्या गोष्टी करत. कुणी गायकाच्या मागोमाग सावलीसारखा, कुणी जागा भरताना स्वतःचं म्हणणं मांडणारा. ज्याच्या कानाला हा फरक कळतो तो रसिक घडतो, आणि हा फरक कळण्याचा एकच मार्ग आहे. ऐकताना नाव समोर असलं पाहिजे. नावाशिवाय दहा वर्षं ऐकलं तरी ती पेटी ‘पेटी’च राहते.

तंबोऱ्याच्या बाबतीत तर आपण सरळसरळ इतिहास फेकून देतो आहोत. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसतो. तिथेच त्याचं शिक्षण होतं. मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे लहानगी किशोरी तंबोरा घेऊन बसायची, गावोगावी त्यांच्याबरोबर फिरायची. कुमारजींच्या मागे वसुंधराताई असायच्या. मल्लिकार्जुन मन्सुरांच्या मागे त्यांचे चिरंजीव राजशेखर बसत आणि गातही. म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणात मागून येणारा तो कोवळा, जरासा बिचकणारा आवाज पुढच्या पिढीतल्या मोठ्या गायकाचा असू शकतो. त्या गायकाचं तेव्हाचं दुसरं ध्वनिमुद्रण कदाचित कुठेच नसेल. पन्नास वर्षांनी कुणाला अभ्यास करावासा वाटला, हा गायक गुरूकडे नेमकं काय शिकत होता, कोणते राग त्याच्या कानावरून जात होते, तर पुरावा त्या मागच्या ओळीत आहे. आणि त्या ओळीवर नाव नाही.

तारखेबद्दलची बेफिकिरी याहून वाईट. कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणाला साल नसणं म्हणजे काय, याचा विचार करा. आधीचे कुमार म्हणजे रेकॉर्ड ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करणारा चमत्कारी मुलगा. मग १९४७-४८ च्या सुमारास क्षयाने गाठलं, देवासला जाऊन अंथरुणावर पाचेक वर्षं काढली, गाणं बंद. त्यातून उठल्यावर गायला लागले ते वेगळेच कुमार, लहान श्वासाचे, तुकड्यातुकड्यांत वीज सोडणारे, माळव्याचं लोकसंगीत पचवलेले. एकाच नावाखाली हे दोन गायक आहेत. मन्सुरांचंही तसंच. नीलकंठबुवा मिरजकरांकडची ग्वाल्हेरची तालीम, मग जयपूर घराण्याचे मंजीखाँ, १९३७ साली मंजीखाँ गेल्यावर बुर्जीखाँ. तिशीच्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या आणि म्हातारपणचं धारवाडी तेज यांच्यामध्ये एका गायकाचं अख्खं घराणं बदललेलं आहे. साल लिहिलं नाही तर हा प्रवास दिसतच नाही. सगळं एका सपाट ‘जुनं सोनं’ नावाच्या ढिगात जाऊन पडतं.

आणि साल शोधता येत नाही असं मुळीच नाही. थोडं लक्ष दिलं तर ध्वनिमुद्रण स्वतःच बरंच सांगतं. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. तेव्हा ‘रेडिओवरचं, १९५५’ अशी चिठ्ठी असलेल्या ध्वनिमुद्रणात गायकाच्या मागे पेटी वाजत असेल, तर साल तरी चुकलं आहे किंवा जागा तरी. त्या काळातल्या खऱ्या रेडिओच्या टेपमध्ये सारंगी येईल, कधी व्हायोलिन येईल. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळूरला १९७९ च्या सुमारास तयार झाला. त्याचा एकसुरी, न थकणारा नाद मागे ऐकू आला तर ती मैफल साठच्या दशकातली असूच शकत नाही, मग शीर्षकात काहीही लिहिलेलं असो. साडेतीन मिनिटांच्या आत संपलं तर मूळ तबकडी बहुधा मिनिटाला ७८ फेऱ्यांची. वीस-बावीस मिनिटांनी, टाळ्या न पडता, नेटका शेवट झाला तर ती लाँग प्लेची एक बाजू, ‘खाजगी मैफल’ नव्हे. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तान अर्ध्यात तुटून पुन्हा मधूनच सुरू झाली तर नव्वद मिनिटांची कॅसेट उलटली गेली आहे. द. वि. पलुस्कर १९५५ साली, ऐन चौतिशीत गेले, हे एवढं एकच साल डोक्यात असलं तरी त्यांच्या नावावर पुढची तारीख पाहून माणूस सावध होतो. हे काही संशोधकांपुरतं राखीव ज्ञान नाही. क्रिकेटच्या सामन्यातली कुठली खेळी कुठल्या मैदानावरची हे ज्या समाजात शाळकरी पोरं सांगतात, त्या समाजाला हे जड जाण्याचं कारण नाही.

रागांची नावं हा आणखी एक घोळ. देसकार भूप म्हणून चढवलेला मी पाहिला आहे. सूर तेच, हे खरं. पण भूप गंधारावर विसावतो आणि संध्याकाळचा आहे, देसकार धैवताला धरून उत्तरांगात राहतो आणि सकाळचा आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी यांच्यात सूर तेच आणि स्वभाव तीन. या तिन्हींची अदलाबदल केली तर शिकणाऱ्या मुलाच्या कानात पायाच चुकीचा भरला जातो. तो मुलगा क्लासहून घरी येतो, फोनवर रागाचं नाव टाकतो आणि पहिलं जे येईल ते दहा वेळा ऐकतो. त्याचा दुसरा गुरू तो फोन आहे. गुरूने रागाचं नाव चुकीचं सांगितलं तर आपण त्याला क्षमा केली नसती.

बंदिशीच्या कर्त्याचा रकाना उघडून पाहा. गाण्याच्या ॲपवर तिथे बहुतेकदा ‘पारंपरिक’ असा शब्द असतो, नाहीतर गाणाऱ्याचंच नाव ठोकलेलं असतं. बंदिशीच्या शेवटच्या ओळीत ‘प्रेमपिया’ आलं तर ते आग्ऱ्याचे फैयाजखाँ, ‘प्राणपिया’ आलं तर विलायत हुसेनखाँ, ‘रामरंग’ आलं तर अलाहाबादचे रामाश्रेय झा, जे २००९ पर्यंत आपल्यात होते. रचनाकाराने आपली सही गाण्यातच करून ठेवली आहे. गायक ती मोठ्याने गातो. तरी खाली ‘पारंपरिक’. हा आळस आहे, दुसरं काही नाही.

ध्वनिमुद्रण ‘स्वच्छ’ करण्याचा जो उद्योग सध्या जोरात आहे, त्याबद्दलही बोललं पाहिजे. ७८ च्या तबकड्यांचा वेग सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीचा आणि प्रत्येक सत्राचा अगदी एकसारखा नसे. मिनिटाला ८० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवून फाइल केली की स्वर जवळजवळ पाव स्वरांतराने उतरतो, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास. लयही संथ होते. अब्दुल करीमखाँसाहेबांसारख्या उंच पट्टीत गाणाऱ्याच्या आवाजाचा सगळा पोत अशाने बदलतो. मग कुणी म्हणतं, खाँसाहेबांचा आवाज किती गंभीर होता. तो गंभीरपणा फिरत्या चकतीचा असतो. पुढे खरखर काढण्यासाठी चाळणी लावतात. खरखरीबरोबर तंबोऱ्याच्या वरच्या स्वरांचा झणत्कार जातो, श्वास जातो, शब्दांतले स-श बोथट होतात. खरखर त्रास देते हे मला मान्य आहे. पण कोणत्या वेगाने वाजवलं, काय काढलं, मूळ प्रत कुठे ठेवली, एवढं तरी खाली लिहा. मूळ खरखरीची फाइल पुसून टाकणारा माणूस संगीताची सेवा करत नाही.

नाव हरवण्याचं सर्वांत लांब गेलेलं उदाहरण तर आपल्याच घरचं आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांच्या शिफारशीने ती ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. आता ती तबकडी सूर्यमालेच्या वेशीपलीकडे पोचली आहे. नासाच्या यादीत ‘सूरश्री केसरबाई केरकर’ असं नाव आहे, बंदिशीचं नाव आहे, लांबी आहे. साथीला कोण, ते नाही. माणसाच्या हातची जी वस्तू सगळ्यांत दूर गेली, तिच्यावरही आपला तबलजी निनावी आहे. आपल्याला अभिमानाची पोस्ट टाकताना हे कधी टोचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं होऊ नये म्हणून आयुष्य घालवणारी माणसंही आहेत, आणि त्यांच्यामुळेच मला ही तक्रार हक्काने करता येते. मायकेल किनिअर नावाचा ऑस्ट्रेलियन संशोधक ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या नोंदी उलगडत बसला, आणि १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची त्याने सिद्ध केली. ती १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था काम करते आहे. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात एकेका गायकाच्या तबकड्यांच्या याद्या, लेबलं, क्रमांक यांचा खजिना आहे. या माणसांकडून एक साधी गोष्ट शिकता येते. तबकडीच्या मध्यभागी, लेबलाला लागून जी गुळगुळीत कड असते, तिथे एक क्रमांक उमटवलेला असतो. तो साच्याचा क्रमांक. लेबल फाटलं, पुसलं, बदललं, तरी तो राहतो, आणि त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ शोधता येतो. घरात आजोबांची तबकडी असेल तर उजेडात तिरपी धरा आणि तो आकडा लिहून ठेवा.

कंपन्यांना मात्र सोडता कामा नये. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालकी हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे ७८ च्या तबकड्यांचं जवळजवळ सगळं भांडार आता मोकळं आहे, आणि सुरुवातीच्या अनेक लाँग प्लेही. उरलेलं कंपन्यांकडे आहे, तर त्या मालकीबरोबर जबाबदारीही आहे. एके काळी एचएमव्हीत जी. एन. जोशींसारखा स्वतः गाणारा माणूस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसायचा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच हाताखाली झाली. लाँग प्लेच्या मागच्या पुठ्ठ्यावर राग, ताल, बंदिश, साथीदार यांची चांगली मजकुराची पानं असत. त्याच रेकॉर्ड आज ॲपवर चढल्या, तेव्हा तो मागचा पुठ्ठा वाटेत गळून पडला. चित्र आलं, नाव आलं, पैसे कापून घ्यायची सोय आली. एका रेकॉर्डच्या मागचा मजकूर टंकायला कितीसा वेळ लागतो? ज्या कंपनीला हे जमत नाही, तिला आपण ‘वारशाचे जतनकर्ते’ म्हणू नये.

मैफली मोठ्या प्रमाणात टेप झाल्या त्या पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, बेळगाव-धारवाडच्या घरांतून, हौशी माणसांच्या हातून. आता ही माणसं वयाने खूप पुढे गेली आहेत. स्पूलची फीत चिकट होते, तिच्यावरचा थर सुटायला लागतो, काहींना व्हिनेगरसारखा वास येतो. पुढच्या वेढ्यातला आवाज मागच्या वेढ्यावर उमटतो आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच पुसट ऐकू येतं. तरी जाणकार प्रयोगशाळा अशा फितीतूनही आवाज काढू शकते. त्या संध्याकाळी पेटीवर कोण होतं, मैफल कुणाच्या घरी होती, कुठल्या गणेशोत्सवात होती, हे मात्र कुठलंही यंत्र काढून देऊ शकत नाही. ते फक्त त्या माणसाच्या डोक्यात आहे. फितीचं आयुष्य आणि त्या माणसाचं आयुष्य यांत आधी काय संपेल, हे सांगता येत नाही.

तेव्हा कामं साधी आहेत. घरातल्या कॅसेटवर ‘भीमसेन, पूरिया’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ती ज्यांनी भरली त्यांच्याशेजारी या रविवारी बसा, एकदा लावा आणि विचारा. त्यांचं बोलणं फोनवर मुद्रित करून घ्या. ते म्हणतील, तबल्याला नाना मुळे असावेत, किंवा चंद्रकांत कामत. ‘असावेत’ असंच लिहा, खात्री नसताना ठोकून देऊ नका. नावच मिळालं नाही तर ‘साथीदार अज्ञात’ लिहा, म्हणजे पुढच्या ऐकणाऱ्याला कळेल की जागा रिकामी आहे आणि ती भरायची आहे. दुवा पाठवताना ‘अप्रतिम’ पाठवू नका. कोण, कुठे, कधी, साथीला कोण, हे पाठवा. कुणी नुसताच दुवा पाठवला तर कौतुक करण्याआधी त्याला विचारा, तबल्यावर कोण आहे? दहा लोकांनी दहा वेळा विचारलं की अकराव्या वेळी तो स्वतः शोधून लिहील.